मौनाचा खेळ आणि आठवीचा वर्ग

॥ श्री ॥

परळ, मुंबई
शनिवार, ता. ३० एप्रिल १९६०

तीर्थस्वरूप यशोदाताई यांस,
अच्युतचा साष्टांग नमस्कार.

अक्षय तृतीयेच्या सकाळी पूजा झाल्यावर मी देव परत देव्हाऱ्यात ठेवले नाहीत. एकेक मूर्ती पुसून धुतलेल्या पंच्यात गुंडाळली आणि परडीत ठेवली. आमची ही दाराशी उभी राहून पाहत होती. बाळकृष्णाची पाळी आली तेव्हा म्हणाली, "शाळेपायी माणसं उन्हातान्हात फिरलेली पाहिली. देवांना फिरवणारे तुम्हीच." मी हसलो. ती हसली नाही. देव कुठे गेले ते पुढे लिहितो.

आपली प्रकृती कशी आहे? दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्याचे सुमतीकडून कळले. परवा ती मला परळच्या नाक्यावर भेटली. "मामी आता चष्म्याशिवाय वाती वळतात," असे म्हणाली. ऐकून बरे वाटले.

इथे उद्याची धामधूम आहे. चाळीचाळींतून पताका लागल्या आहेत. लालबागेत गिरणीच्या फाटकांवर विजेच्या माळा सोडल्या आहेत. आपल्या शाळेवरही तोरण आहे. ते हायस्कूलला शिकवणाऱ्या रमाकांतने बांधले. आनंदाचाच दिवस आहे, आणि अशा दिवशी मी हे पत्र लिहायला बसलो आहे. गिरगावात ट्रामने यायला असा कितीसा वेळ लागतो? पण तीन वर्षांत मी आपला जिना चढलो नाही. आपल्यासमोर बसलो की मला सुचत नाही, आणि सुचते ते नेमके चुकीचे असते. म्हणून कागदावर.

मॅट्रिकची आपली पहिली तुकडी मार्चमध्ये परीक्षेला बसली. निकाल जूनमध्ये लागेल. बरीचशी मुले पास होतील असे रमाकांत म्हणतो. गिरणीतल्या कुशाबाची लतिका नक्की होईल. तिने गणपतीची आणि दिवाळीची सगळी सुट्टी शाळेमागच्या आमच्या बिऱ्हाडाच्या ओट्यावर अभ्यासात काढली. कुशाबाला दुसरी पाळी असली की तो गिरणीत जाताजाता तिच्यासाठी भाकरी ठेवून जाई, आणि मला म्हणे, "गुर्जी, पोरगी जेवली का तेवढं बघा. पुस्तकाला तोंड लावून बसती अन् भाकरी मुंग्या खात्यात."

ताई, आपल्याला आठवत असेल, ही हायस्कूलची कल्पना त्याचीच. माँटेसरीच्या चटईवरून त्याची पोर सातवीपर्यंत आली, आणि एके दिवशी तो ऑफिसच्या दाराशी येऊन उभा राहिला. "सातवीपावतर शिकवलंत. आता पुढं कुठं घालू? लांबच्या शाळेत पोरीच्या जातीला धाडायचं तर घरचे ऐकत नाहीत. अर्ध्यात सोडायची होती तर शिकवलीत कशाला?" माझ्या गावची शाळा मराठी सातवीला संपायची. पुढचे इंग्रजी शिक्षण तालुक्याला, आणि तालुका नदीपलीकडे. मी नदीअलीकडेच राहिलो. कुशाबा बोलत होता आणि मला ती नदी दिसत होती.

मी आपल्याला विचारले तेव्हा आपण म्हणालात, "काढा हायस्कूल. पण गुरुजी, ते या बालवर्गाच्या खोलीतून वर वाढलं पाहिजे. वरून या खोलीवर पडता कामा नये." मी मान डोलावली. मला वाटले, समजले.

आठवीच्या वर्गाची पहिली तपासणी आपणही पाहिलीत. साहेब वर्गात शिरले आणि एकही मूल उठले नाही. आपण त्यांना लहानपणापासून शिकवले होते की कोणी आले तरी हातातले काम सोडू नये, आणि काम करणाऱ्याचे काम कोणी मोडू नये. साहेब लतिकेच्या चटईपाशी जाऊन उभे राहिले. तिने वर पाहिले आणि म्हणाली, "बसा ना. एवढं गणित होऊ दे, मग दाखवते." आपण तोंडाला पदर लावून हसलात. मला मात्र घाम फुटला. आमच्या गावी दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, यायचे तेव्हा शाळा आदल्या दिवशी शेणाने सारवत. त्यांच्या घोड्याची टाप ऐकू आली की आम्ही उभे राहत असू आणि ते बसा म्हणेपर्यंत श्वास सोडत नसू. ज्याच्या अंगात ती टाप मुरली आहे त्याला 'बसा ना' ऐकून हसू कसे येणार?

साहेबांनी शेरा मारला की शिस्त नाही, आणि मान्यता लांबली. मान्यता नाही म्हणजे मॅट्रिकला आपल्या शाळेतून मुले बसणार नाहीत. आपण म्हणालात, "पुन्हा बोलवा त्यांना. मी समजावून सांगते." तेवढ्यात आपल्या पहिल्या डोळ्याचे ऑपरेशन निघाले, आणि पुढल्या तपासणीची तारीख आली.

मग मी काय केले ते आपल्याला ठाऊक आहे. रोज प्रार्थनेनंतर उठा, नमस्ते साहेब, बसा. मी स्वतः दाराबाहेर जाऊन साहेब होऊन आत येत असे. आठवीला शिकवले, मग पाचवीसहावीला. मग वाटले, साहेब तळमजल्यावरही डोकावतील, म्हणून चटईवरच्या चिमण्यांनाही. कोणी मला सांगितले नव्हते. शाळेच्या मंडळातला एकही सभासद तळमजल्याबद्दल बोलला नव्हता. ते माझे मीच केले, आणि खरे सांगायचे तर करताना मला आनंद होत होता. एवढीशी पोरे एका दमात उठत तेव्हा मला आपली शाळा पहिल्यांदा शाळेसारखी दिसली.

मान्यता आली. आपण डोळ्याला हिरवी पट्टी बांधून परत आलात आणि आल्या आल्या म्हणालात, "आज मौनाचा खेळ खेळू."

त्या खेळाबद्दल मी आपल्याशी कधी बोललो नाही. छप्पनच्या जानेवारीत संचारबंदी लागली आणि मुले खोलीत अडकली, तो दिवस मी विसरलेलो नाही. बाहेर पोलिसांच्या लॉऱ्या फिरत होत्या. दूर कुठेतरी गोळीबार झाला. आपण मुलांना डोळे मिटून गप्प बसवलेत आणि स्वतः मागच्या दारात गेलात. गल्लीगल्लीतून एकेक आई भिंतीला धरून येत होती. जी येई तिच्या मुलाचे नाव आपण उंबऱ्यातून कुजबुजत होतात. खोली एवढी शांत की ते नाव त्या मुलापर्यंत पोचायचे. ते उठून चवड्यांवर चालत यायचे आणि आईच्या कुशीत शिरायचे. कोणी रडले नाही, कोणी धावले नाही. मी सगळ्यांत मागे बसून होतो. देवाचे नाव जन्मभर घेत आलो, पण नाव कसे घ्यावे ते मला त्या संध्याकाळी कळले.

आणि त्याच खोलीत, त्याच दारातून, आपण पुकारलेत, "हेरंब..." तो चार वर्षांचा पोर ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "हजर, साहेब!" त्याच्यामागोमाग सगळी खोली उभी राहिली. "नमस्ते साहेब!" मी बसा म्हणावे म्हणून ती सगळी माझ्याकडे बघत होती.

आपण रागावला असतात तर मी पाय धरले असते. आपण छत्री घेतलीत आणि म्हणालात, "गुरुजी, शाळा छान चालली आहे तुमची." तुमची, असे म्हणालात. ही वास्तू आपल्या सासऱ्यांची. ती परत मागितली असतीत तरी कोणी ब्र काढला नसता. आपण तसे काही केले नाहीत. फक्त यायचे थांबलात.

तीन वर्षे मी मनाशी म्हणत आलो की मुलांना मॅट्रिकची वाट मिळाली, उठाबशीने कोणाचे काय बिघडले? परीक्षा संपल्यावर लतिका पाया पडायला आली. पेपर कसे गेले, मी विचारले. "बरे गेले, गुरुजी. पण एक झालं. हॉलमध्ये सुपरवायझर आले की मी उठून उभी राहायची. आपोआप. ते म्हणायचे, अगं बस. बसले की वाक्य कुठवर आलं होतं तेच आठवायचं नाही. बाकीच्या मुली हसायच्या." ती हे हसतहसत सांगत होती. साहेबाला 'बसा ना' म्हणणारी ती हीच पोर. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वादाचे शब्द विसरलो.

त्याच आठवड्यात मंडळाची सभा झाली. जूनपासून विज्ञानाची प्रयोगशाळा हवी, नाहीतर मान्यता जाईल, असे पत्र आले होते. तळमजल्याची खोली द्यायची असे बहुतेकांचे ठरलेच होते. एकजण म्हणाले, "एवढ्याशा पोरांना खोली कशाला? व्हरांडा पुरे. गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा काय, व्हरांड्यातही उभा राहतो." सगळे हसले. पूर्वीचा मी असतो तर चिटणीस म्हणून खाली मान घालून ठराव लिहिला असता. या वेळी मी तो लिहिला नाही.

ताई, मी आपल्याला खोटे आश्वासन देत नाही. खोली राहिली, पण खोलीत जे होते ते राहिलेले नाही. आपण गेल्यापासून बालवर्गाला एकही बाई वर्षभर टिकली नाही. मनोऱ्याचा सगळ्यांत लहान ठोकळा हरवला आहे. सुट्टीपूर्वी मी एकदा स्वतः मौनाचा खेळ घेऊन पाहिला. माझा आवाज गावच्या शाळेत घडलेला आहे, तो दबतच नाही. मी नाव कुजबुजलो, तर दोघेजण दचकले आणि एक मुलगी उठली ती अर्धीच, माझ्या तोंडाकडे बघत, उठू का बसू म्हणून. खेळ तिथेच थांबवला. हेरंब तर केव्हाच वरच्या वर्गात गेला. त्याला मी काय परत देणार?

जे हातात होते तेवढे केले. प्रयोगशाळेसाठी मागच्या दोन खोल्या दिल्या, म्हणजे आमचे बिऱ्हाड. तिथे मोरी आहे, पाण्याचा नळ आहे; रमाकांत म्हणतो, उत्तम सोय होईल. अक्षय तृतीयेला देव हलवले, काल भांडीकुंडी. आम्ही आता लालबागेत कुशाबाच्या चाळीत आहोत, तिसऱ्या मजल्यावर. देव फळीवर आहेत. ही अजून माझ्याशी मोजकेच बोलते. काल तिने बाळकृष्णाला सांगितले, माझ्या देखत, "बाबा, इथे तरी स्थिर राहू दे हो."

हायस्कूलचे सुपरिंटेंडंटपद आणि चिटणीसपद, दोन्ही आज सकाळी सोडले. राजीनामा सभेपुढे वाचला आणि मंजूर करून घेतला. वरचे वर्ग रमाकांत सांभाळेल. तो अध्यापनातला बी. टी. आहे आणि मुलांवर प्रेम करतो. हायस्कूल काढले याचा मला पस्तावा नाही, हेही लिहून ठेवतो. कुशाबाच्या तोंडाकडे पाहून तो करता येत नाही. पण ते वर वाढले नाही, खालच्या खोलीवर पडले, आणि ते पाडणारा हात माझा होता.

जूनपासून मी तळमजल्यावर चटया घालणार, मनोरा पुसणार आणि जी बाई मिळेल तिच्या हाताखाली बसणार. मागच्या दाराला लावलेली बाके आज संध्याकाळी हलवली. बिजागऱ्या गंजल्या होत्या, तेल घातले. आता ते दार आवाज न करता उघडते.

आपण यावे असे मी लिहीत नाही. तो अधिकार मी गमावला आहे. पण कधी त्या दारातून आत आलातच, तर कोणी उठून उभे राहणार नाही. मीसुद्धा बसून राहण्याचा प्रयत्न करीन.

आपल्या खोलीचा राखणदार,
अच्युत