तीस चमच्यांचा सूड

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ८.
आजपासून रोज एक लाकडी चमचा. आमच्या वाचनालयाने ‘तीस दिवस, तीस वस्तू’ असं चॅलेंज काढलंय. रोज हाताने एक वस्तू करायची आणि ग्रंथपाल बाईंना फोटो पाठवायचा. तीस तारखेला समारोप, प्रदर्शन, सर्टिफिकेट.

मला सर्टिफिकेट नको. मला साडू हवाय. पहिल्या रांगेत.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे महिनाभर राग शिळा होणार नाही. आठ वर्षांपूर्वी सासूबाईंच्या वाढदिवसाला मी स्वतःच्या हाताने शेल्फ करून दिलं. तीन फळ्या लावल्या होत्या, चौथी राहिली होती. साडूने सगळ्यांसमोर विचारलं की चौथी पुढच्या वाढदिवसाला का. मग माझं नावच ठेवलं: पाऊणराव. सासूबाई हसल्या. ही हसली. माझी सख्खी मुलगी खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली.

फॉर्मवर ‘समारोपाला बोलवायची एक व्यक्ती’ असा रकाना होता. साडूचं नाव घातलं. पेन दाबून.

२ नोव्हेंबर, रविवार.
पहिला चमचा काल दुपारी झाला. किंचित सपाट आहे. ही म्हणाली की पट्टी छान झालीय.

लाकडाचे तुकडे कोपऱ्यावरच्या सुताराने दिले. कशाला हवेत ते सांगितल्यावर तो बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिला. कारागिराला कारागीर कळतो.

फॉर्मबरोबर नियमांचा एक कागद होता. नियम वाचत बसायला मला वेळ नाही. कागद चांगला जाड निघाला, त्यावरच चमच्याचा आकार काढून साचा कापला.

५ नोव्हेंबर, बुधवार.
चमचे चार. बँडेज पाच.

भाषणाचा पहिला मसुदा तयार. साडूचं नाव घेणार नाही. फक्त योग्य जागी त्याच्याकडे बघायचं. आरशासमोर बघण्याची प्रॅक्टिस केली. मुलीने विचारलं की बाबा, डोळ्यात काही गेलंय का.

९ नोव्हेंबर, रविवार.
साडू आला. न बोलावता. चमचा उचलून उजेडात धरला आणि म्हणाला की लाकडाच्या रेषांच्या उलट कापतोस म्हणून ते फाटतंय, रेषांच्या बाजूने चाकू चालव. वर पाऊणराव म्हणालाच.

चहा दिला. बिनसाखरेचा. मुद्दाम. त्याने तो घोटघोट पिऊन मस्त झालाय म्हणून सांगितलं. ढोंगी माणूस.

१० नोव्हेंबर, सोमवार.
तत्त्व म्हणून रेषांच्या उलटच कापलं. तीन मोडले. चौथा वाचला, पण तळाला भोक पडलं. झारा म्हणून फोटो पाठवला. बाईंनी अंगठा पाठवला.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
आज स्वतःच्या संशोधनातून एक गोष्ट लक्षात आली. रेषांच्या बाजूने चाकू चालवला तर लाकूड फाटत नाही. या गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत, अनुभवाने येतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
हिने साचा उलटून वाचायचा प्रयत्न केला. म्हणाली की ‘सर्व वस्तू बोलावलेल्या पाहुण्यास’ एवढंच दिसतंय, पुढची ओळ दांड्यापाशी कापली गेलीय. नियम पूर्ण वाचलेत ना अहो, असं दोनदा विचारलं. मी म्हणालो, पाहुण्यास दाखवाव्या असं असेल. दाखवणारच आहे! एकेक चमचा त्याच्या नाकासमोर धरणार आहे.

मसुदा चौथा. जास्त बोचरा झालाय. समाधान वाटतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ४.
खळगा कोरताना पटाशी सटकली. उजव्या तळहाताला दोन टाके. डॉक्टरांनी विचारलं की एवढी घाई कशाला, मागे कोण लागलंय. खरं ते सांगितलं: साडू. त्यांनी दुसरा टाका घातला.

चमचा होणं शक्य नव्हतं. पण चॅलेंज मोडलं तर साडू जन्मभर नाचेल. कालचाच चमचा पालथा ठेवला आणि हिला फोटो काढायला सांगितला. ही फसवणूक नाही. चमच्याच्या पाठीलाही मेहनत लागतेच. शिवाय उद्या दोन करून भरपाई करणार.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
हात ठणकतोय. मागे मोडलेल्या एका चमच्याचा दांडा डाव्या हाताने घासून लोणी लावायची पट्टी केली. भरपाई उद्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
एक झाला. भरपाई रविवारी, निवांत.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
भरपाईचा विचार सोडला. सगळे चमचे बरणीत दाटीने उभे आहेत. कोण मोजतंय?

साडूचा फोन. आधी हाताची चौकशी. मग म्हणाला की वाचनालयाचं आमंत्रण मिळालं, फार बरं वाटलं, कुठला शर्ट घालू. नवीनच घेणार आहे म्हणे. मी म्हणालो, घे. मनात म्हणालो, जळायलाच येतोयस तर नटून ये.

२९ नोव्हेंबर, शनिवार.
भाषण सव्वाचार मिनिटं. पाठ. शेवट असा: ‘आज या सभागृहात पाऊण कोण आहे, ते तुम्हीच ठरवा.’ मग तीन सेकंद शांतता. मग ती नजर.

आठ वर्षांत इतकी शांत झोप लागली नव्हती.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७.
झालं ते असं.

साडू पहिल्या रांगेत, नव्या निळ्या शर्टात. शेजारी हिची बहीण आणि सासूबाई. माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेलो, खिशातला कागद चाचपला. बाईंनी माझ्या आधी माईक घेतला आणि म्हणाल्या की आता नियम सहा. सर्व वस्तू बोलावलेल्या पाहुण्यास सभासदाकडून भेट. आणि साडूला वर बोलावलं.

टाळ्या. साडूने बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरली. माईकवर म्हणाला की आजवर माझ्यासाठी कोणी हाताने काही बनवलेलं नाही, आणि या माणसाने महिनाभर स्वतःचे हात फाडून घेतले. मी मात्र याची चेष्टा करत आलो. बोलता बोलता त्याने नव्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. सासूबाई रडल्या. ही रडली नाही. ही माझ्याकडे बघत होती.

मग त्याने मिठी मारली. पाठीवर थोपटणं भाग पडलं. कानात म्हणाला की पाऊणराव पुन्हा म्हणणार नाही, शप्पथ.

भाषण खिशात तसंच आहे.

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ९.
साडूचा फोन. काचेच्या कपाटात लावायला घेतले तर चमचे एकोणतीसच भरले. एक त्याच्या हातून हॉलमध्ये पडला असणार म्हणे. वॉचमनला घेऊन खुर्च्यांखाली शोधतोय. तीनदा सॉरी म्हणाला. मी म्हणालो, राहू दे रे. तो म्हणाला, राहू कसं देऊ?

सकाळी ११.
दुसरा फोन. हॉलमध्ये नाही. आता गाडीच्या सीट काढतोय. ही दारात उभी राहून ऐकत होती. पालथ्या चमच्याचा फोटो तिनेच काढला होता.

खरं सांगायला फोन हातात घेतला. ठेवला. ऑफिसात रजा कळवली.

दुपारी १.
सुताराकडून चांगला तुकडा आणला. रेषांच्या बाजूने कापतोय. हे मला साडूने सांगितलं होतं. नऊ तारखेला. नोंद असावी.

दुपारी ४.
टाके ओले झालेत. साडूचा तिसरा फोन. चमचा मिळाला नाही. फोनवर बरं दिसत नाही म्हणून माफी मागायला घरी येतोय. मी नको म्हणायच्या आत निघालासुद्धा.

दांडा झालाय. गळाही झालाय. खळगा अजून कोरायचाय. जिन्यात पावलं वाजतायत, ही दार उघडायला गेलीय.

चमचा पाऊण झालाय.