दुर्गकडचा राजीनामा

मरोदा, भिलाई
८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप तुळसाताईस,
धाकट्या हेमराजचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुले फोन लागत नाही असं नाही. लागतो. पण मागल्या खेपेला तू मले दूधवाला समजून उद्यापासून अर्धा लिटरच टाक म्हणालीस, आणि मी तोंड उघडेपर्यंत फोन ठेवून दिलास. तवाच ठरवलं, तुझ्या कानांशी भांडण्यापेक्षा पोस्टावर भरवसा ठेवलेला बरा.

बातमी अशी की शाळेतल्या मुलींची बास्केटबॉल टीम यंदाही माझ्याच गळ्यात आहे. स्टील प्लँटची पहिली पाळी दोनला सुटते, तीनला मी ग्राउंडवर. मोना माझ्या आधीच तिथं असते. बारावीचं वर्ष, त्यात टीमची कॅप्टन. चंदा गेल्याले चार वर्षं झाली, क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच बापलेक. तरी शेजाऱ्यांले वाटते सहा जण राहतात, इतकं आम्ही खेळावरून भांडतो.

टीम म्हणजे भिलाईच आहे, साऱ्या मुलखांतल्या पोरी. तारा केरळची, ललिता अहिवाऱ्याकडची छत्तीसगढी, दोघी तेलुगू. म्हणून मी एक युक्ती काढली. मॅचमध्ये सूचना मराठीत द्यायच्या, म्हणजे सामनेवाल्यांले काही समजत नाही. ‘सरक’, ‘थांब’, ‘सोडू नको’. सोडू नको म्हणजे आपल्या वाटणीची खेळाडू जिथं जाईल तिथं तिच्यासंगं राहायचं, तिले मोकळी सोडायची नाही. केरळच्या तोंडून ‘सरक वं’ ऐकायचं असेल तर तू एकदा ये. त्यासाठी कान असले पाहिजेत, ही अडचण आहे.

पहिल्या तीन मॅच जिंकलो. खरी गाठ दुर्गच्या त्या मोठ्या शाळेशी आहे. त्यांच्याकडे छपराचं कोर्ट आहे, कोच आहे, कोचले असिस्टंट आहे, आणि त्या असिस्टंटचा तोरा पाहून वाटते याच्या हाताखालीही कोणी असेल. त्यांची समृद्धी म्हणून एक पोट्टी आहे, मोनाच्याच वयाची, उडी अशी की पाहत राहावं. नोव्हेंबरात फायनल. राज्याची टीम निवडणारे लोक ती पाहायला येतात. या दोघींपैकी एकीचं नाव नक्की लागेल असं सगळे म्हणून राहिले. मोना तसं बोलून दाखवत नाही, पण हल्ली झोपेतही पाय हलवते.

मायेत काटकसर करू नकोस.

तुझा,
हेमराज

*

गोंदिया
१७ सप्टेंबर २०२४

चि. हेमराज यास तुळसाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुले दूधवाला समजले यात माझ्या कानांचा दोष कमी, तुझ्या आवाजाचा जास्त. आपला दूधवाला तरी गोड बोलतो.

पोरी जिंकून राहिल्या हे वाचून बरं वाटलं. पण तुले एक सांगते, मोठी आहे म्हणून. दुर्गवाल्यांसमोर जीभ आवर. तुझ्या भाऊजींनी दुर्गच्या कोर्टात पंचवीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप केले, भांडणारे लोक त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त पाहिले. ते म्हणायचे, हेमराजनं वाद घालू नये, कारण तो इतकं झोंबणारं बोलतो की समोरचा मुद्दा विसरतो आणि अपमान तेवढा घरी घेऊन जातो. ते गेले, तुझी जीभ तशीच आहे.

पुढच्या महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धर्मेंद्रकडे नागपूरला जाईन. दिवाळीही तिकडंच. कान गेले, आता डोळे. तोंड तेवढं शाबूत आहे, असं सूनबाईचं मत पडलं.

मोनाले म्हणावं, जिंकलीस तर एक पत्र लिही, हरलीस तर दोन.

तिची आणि तुझी रोज आठवण काढणारी,
ताई

*

मरोदा, भिलाई
२० ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप ताईस, सा. न. वि. वि.

हे पत्र मजेचं नाही.

मागच्या मंगळवारी दुर्गला त्यांच्याच कोर्टावर मॅच होती. आम्ही दोन पॉइंटांनी मागं. समृद्धी बॉल घेऊन सुटली, मोना तिच्यासंगं. मी बेंचवरून ओरडलो, सोडू नको! समृद्धीनं उडी घेतली आणि खाली आली ती मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मले बेंचपर्यंत आला. ताई, तो आवाज तुलेही ऐकू आला असता.

पुढची गंमत ऐक. त्यांच्या त्या असिस्टंटची सासुरवाडी निघाली अमरावतीची. एवढ्या हॉलमध्ये मराठी समजणारा एकच माणूस, आणि त्यालाही अर्धीच समजते. त्यानं समृद्धीच्या वडिलांले सांगितलं की कोचनं पोरीले म्हटलं, हिले सोडू नको, म्हणजे हिले धडा शिकव. वडील सरळ ठाण्यात.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रिन्सिपलनी बोलावलं. तिथं ठाण्यातले एक जमादारही चहा पीत बसले होते. प्रिन्सिपल म्हणाले, हेमराजजी, राजीनामा लिहून द्या, म्हणजे गोष्ट इथंच मिटते आणि मोना फायनल खेळते. मी विचारलं, कावून? तर म्हणाले, अशा वेळी सगळे देतात. जमादारांनीही मान हलवली.

तेरा वर्षं, ताई. उन्हातान्हात तेरा वर्षं मी त्या पोरींमागं धावलो, आणि चहाचा कप संपायच्या आत मले काढलं. पण तुझं पत्र आठवलं. जन्मात पहिल्यांदा मी तोंड उघडलं नाही. कागद मागितला, वर ठसठशीत लिहिलं राजीनामा, आणि खाली हिंदीत लिहून दिलं की आजपासून मी कोचपद सोडतो, ग्राउंडवर पाय ठेवणार नाही. प्रिन्सिपलनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. म्हणाले, ही मजाक करायची वेळ नाही. मी म्हटलं, मी मजाक करून राहिलो नाही. मग म्हणाले, तुमची मर्जी, पण पोरीचं नुकसान करून राहिले तुम्ही. मगरीचे अश्रू म्हणतात ते मी तिथं प्रत्यक्ष पाहिले.

घरी येऊन मोनाले सांगितलं की बेटा, तुझ्यासाठी मी राजीनामा लिहून दिला. वाटलं, गळ्यात पडेल. ती ताटावरून उठून आत गेली. चार दिवस झाले, शब्द नाही. शेजारच्या राधाबाईंनी काल विचारलं की मोना होस्टेलला राहायला गेली का.

तिले काय झालं, मले समजत नाही. ऑपरेशन जपून कर.

तुझ्या मायेच्या आधारावर उभा असलेला,
हेमराज

*

भिलाई
२७ अक्टूबर

प्रिय आत्याले मोनाचा नमस्कार.

मराठी लिहायची प्रॅक्टिस नाही आत्या, गलती झाली तर हसू नको. तू म्हटली होती हरली तर दोन पत्र लिही. मी तर अजून हरली पण नाही.

पापानी राजीनामा लिहून दिला. मले स्वतःच येऊन सांगितलं, आणि असं सांगितलं जसं काही माझ्यासाठी मेडल आणलं. राजीनामा तर तोच लिहून देतो ना ज्याची गलती आहे? मंजे त्यांनी मान लिया की मी समृद्धीले जानबूझकर पाडलं. पूरी दुनिया म्हणाली असती तर चाललं असतं आत्या. पण पापा? मी पाडलं की नाही हे त्यांनी मले एकदा पण विचारलं नाही. सीधा जाऊन लिहून आले.

आणि झुकून पण काही फायदा झाला नाही. समृद्धीच्या पापानी कंप्लेंट वापस घेतलीच नाही. असोसिएशनवाले म्हणाले, जांच होईपर्यंत मोना बाहर. नऊ नवंबरले फायनल आहे. तारा कॅप्टन राहील. पापा आता ग्राउंडवर पण येत नाहीत, मले वाटते शरम येत असेल. प्रिन्सिपल सर ताराले म्हणत होते की हेमराजजीचा दिमाग फिरला आहे.

मी पापाशी बोलून नाही राहिली. बोलली तर रडून देईन, आणि मग त्यांना वाटेल की हो, हिचीच गलती आहे.

तू लवकर चांगली हो आणि मले लिही. तुझ्याशिवाय मी हे कोणाले नाही सांगितलं.

तुझी,
मोना

*

गोंदिया
११ नोव्हेंबर २०२४

चि. हेमराज यास आशीर्वाद. वि. वि.

काल नागपूरहून आले. दार उघडलं तर आत दोन पत्रं पडलेली, तुझं खाली आणि मोनाचं वर. एका घरातले तुम्ही दोघं, आठवडाभर माझ्या दारात एकमेकांना लागून पडून होते आणि तिकडं एकमेकांशी बोलत नव्हते. दोन्ही लागोपाठ वाचली आणि तिथंच उंबऱ्यात बसले.

अरे बावा, दुर्गच्या कोर्टात, ठाण्यात, सगळ्या त्या मुलखात राजीनामा म्हणजे समझोता! दोन्हीकडचे राजी झाले, त्याचा कागद तो राजीनामा. पद सोडण्याले तिकडं इस्तीफा म्हणतात. तुझ्या भाऊजींनी असे हजार राजीनामे टाइप केले, त्यातल्या एकानंही नोकरी सोडली नाही.

तुले फक्त दोन ओळी लिहायच्या होत्या. आमच्याकडून पोरीले दुखापत झाली, वाईट वाटते, पुढं वाद नाही. समृद्धीचे वडील खाली सही करायले तयारच असतील. तू वर राजीनामा लिहिलं आणि खाली टीम सोडून दिली. प्रिन्सिपलले वाटलं, हा आपली टिंगल करून राहिला. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं की बाबा, समजण्यात काही चूक झाली का. तुले कोणी विचारलं नाही, कारण तुझी कीर्तीच तशी. बावीस वर्षं तिथं राहिलास, कोर्टाची पायरी चढला नाहीस याचा तुले केवढा गर्व.

आणि मोना हिंदीत शिकलेली. तू सांगितलास आपल्याकडचा राजीनामा, तिनं ऐकला तिकडचा. तू म्हणालास मी सोडलं, तिले वाटलं बाप झुकला, आणि तिच्या नावानं गुन्हा कबूल करून आला.

नऊ तारीख तर गेली. माझ्या डोळ्यांवर पट्टी होती त्या दिवसांत हे सगळं झालं, याचं मले जन्मभर लागून राहील. तुले रागवायला बसते तर रडू येते, म्हणून रागवत नाही. तिच्याशी आजच बोल. पहिलं वाक्य तू बोल. आणि तिनं मले लिहिलं आहे की पापांनी मले काही विचारलंच नाही. ते विचार.

तुमच्या दोघांमधून विस्तव जात नसेल तर माझ्याकडं या, दोघंही,
ताई

*

मरोदा, भिलाई
२५ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप ताईस, हेमराजचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र सोळा तारखेला मिळालं. तोवर पोरी फायनल अकरा पॉइंटांनी हरून आल्या होत्या. मी पाहायला गेलो नाही, त्या दिवशी मुद्दाम पाळी बदलून घेतली होती. मोनाही गेली नाही. दोघंही दिवसभर आपापल्या ठिकाणी घड्याळ पाहत बसलो असणार.

तुझं पत्र मी तिच्यासमोर ठेवलं. तिनं वाचलं आणि आधी हसली. हसण्यासारखंच आहे ते. माझं नसतं तर मीही हसलो असतो. मग तिनं विचारलं की म्हणजे पापा, तुम्ही कधीच मानलं नाही की मी तिले पाडलं? मी म्हटलं, एका क्षणालेही नाही.

तशी ती खाली बसली आणि म्हणाली की मी पाडलं.

समृद्धीनं तिले त्या मॅचमध्ये तीनदा बरगडीत कोपर मारला होता. रेफ्रीले दिसलं नाही, मलेही दिसलं नाही. तेवढ्यात मी ओरडलो, सोडू नको. सहा वर्षं तिनं त्या दोन शब्दांचा एकच अर्थ ऐकला होता, संगं राहा. त्या वेळी दुसरा ऐकला. समृद्धी हवेत होती, हिनं तिच्या कमरेले हात लावून ढकललं. मी राजीनामा दिला म्हटल्यावर तिले वाटलं, पापानं सगळं पाहिलं, आणि मले न विचारता तिकडं कबूल करून आले. ताई, मी काहीच पाहिलं नव्हतं. मी बास्केटकडं पाहत होतो.

मी विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतं, असं मी तिले म्हटलं. ती म्हणाली, खोटं.

काल रविवारी आम्ही दुर्गला समृद्धीच्या घरी गेलो. मोनानंच चला म्हटलं. समृद्धीचं प्लास्टर निघालं आहे, पण मनगट पुरतं वळत नाही. वहीत ती डाव्या हातानं लिहीत होती, पहिलीतल्या पोरीसारखी अक्षरं. तिच्या वडिलांनी आम्हाले बसवलं. मी झाला घोळ सांगितला, तर तेही जरासे हसले. म्हणाले, आता खरा राजीनामा लिहून टाका, मी तक्रार परत घेतो, पोरीचं नाव साफ होऊन जाईल. कागद त्यांनीच आणला. मी पेन काढला.

मोनानं तो कागद माझ्यासमोरून ओढून घेतला. समृद्धीकडं पाहून, सगळ्यांसमोर, ती म्हणाली की मी तुले जाणूनबुजून ढकललं, म्हणून कंप्लेंट परत घेऊ नका, ती खरी आहे. आणि कागद वडिलांच्या हातात परत दिला.

मी पेन परत खिशात ठेवला. समृद्धी रडली नाही, माफ केलं म्हणाली नाही. उठली आणि डाव्या हातानं आमच्यासाठी दाराची कडी काढली.

आता मोनाले वर्षभर बंदी लागेल. पुढच्या वर्षी ती शाळेत नसेल, म्हणजे हा खेळ इथंच संपला. राज्याच्या टीममध्ये दोघींपैकी एकीचंही नाव नाही.

येताना ऑटोत जागा होती, तरी ती माझ्या बाजूलेच बसली. नेहरू नगर गेल्यावर तिनं विचारलं की या आठवड्यात तुमची पाळी कोणती. मी म्हटलं, दुसरी. तर म्हणाली, मग संध्याकाळचा डबा मीच गेटवर आणून देत जाईन, मले आता संध्याकाळी कुठं जायचं नसते.

तुझी माया आम्हा दोघांवर आहे तशीच राहू दे. सध्या तिले जास्त लागेल.

तुझा,
हेमराज