कोचीहून परत

जोहराचे अब्बा,

लक्षद्वीपच्या सहलीचा तुमचा बेत मिळाला. काचेच्या तळाची होडी, प्रवाळ, रोज नवं बेट. शेवटी कोचीहून तुम्ही दोहाला, आम्ही दोघी रेल्वेनं रत्नागिरीला. म्हणजे याही सुट्टीत तुम्ही घरी येणार नाही.

जोहरा म्हणाली, “अम्मी, समुद्र तर आपल्या आरे-वारेलाही आहे. अब्बा घराला घाबरतात काय गो?”

मी तिला दटावलं. तुम्हाला मात्र ‘छान बेत’ एवढंच कळवलं.

तुमच्या अम्मी गेल्या तेव्हा माती द्यायला तुम्हाला पोचता आलं नाही, त्याचा राग इथे कुणालाच नाही. बेटं नंतर बघू. आधी घरी या. आम्ही बायका आत जात नाही, पण कबरस्तानच्या फाटकापर्यंत मी तुमच्याबरोबर चालेन.

हे पाठवायचा धीर नसलेली,
हफीजा