मास्तरांचं एक मत विरोधी

येळ्ळूर,
शनिवार, ११ फेब्रुवारी १९३९

चि. वसूस आप्पांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे असं आधी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तुझी आई बरी आहे. म्हैस व्याली, रेडकू झालं. आईनं त्याचं नाव अजून ठेवलेलं नाही, वसू सुटीला आली की ठेवेल म्हणते.

तू मागच्या पत्रात विचारलंस, आप्पा दोन ओळींवर कधी गेले नाहीत, आता चार-चार पानं कशी काय? त्याचं उत्तर आज द्यायचं आहे. पण आधी शाळेचं सांगतो.

तुझी शाळा जागेवर आहे. जूनमध्ये मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "बदली माणूस द्या, तरच वसुधाबाईंना पुण्याला ट्रेनिंगसाठी वर्षाची रजा." तेव्हा पेन्शनीत निघालेला हा म्हातारा बेळगावला मुलींच्या शाळेत उभा राहिला, त्याला आता आठ महिने होतील. गावात अजून हसतात. भावकू तर रोज वेशीवर विचारतो, "मास्तर, आज पोरींनी काय शिकवलं रं तुमास्नी?" पूर्वी मी त्याला शिव्या घालायचो. हल्ली हसून पुढं जातो.

तुझं नागरिकशास्त्राचं पुस्तक मला आधी अळणी वाटलं. नगरपालिका म्हणजे काय, तिचे सभासद किती, कर कोणते. मी माझ्या जुन्या रीतीनं ते मोठ्यानं सांगायचो आणि मुली मोठ्यानं घोकायच्या. माझा आवाज तुला माहीतच आहे. येळ्ळूरच्या शाळेत मी पाढे म्हणायला लागलो की मळ्यातले लोक औत थांबवायचे, असं तुझी आई सांगते. थोडं वाढवून सांगते, पण फार नाही.

दिवाळीनंतर आवाज बसला. थंडी असेल म्हणून आईनं ज्येष्ठमध दिलं, हळद-दूध दिलं. बसलेला आवाज काही उठेना. मग वर्गात काय करणार? बैल सुटलेल्या गाडीवानासारखं नुसतं बसून राहायचं? मी तुझ्या वर्गातल्या विद्युल्लतेला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि फळ्यावर लिहिलं, "आज तू नगरपालिकेची अध्यक्ष. बाकीच्या सभासद." आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.

वसू, काय सांगू! पहिल्या दिवशी नुसता बाजार झाला. पण दुसऱ्या आठवड्यापासून एकीनं ठराव मांडायचा, दुसरीनं अनुमोदन द्यायचं, विरोध असेल तिनं उभं राहून कारण सांगायचं, असं सगळं शिस्तीत चालू लागलं. शाळेच्या आडावर रहाट हवा, हा ठराव त्यांनी मोठ्या बाईंकडे नेला आणि रहाट बसला. चाळीस वर्षं मी ओरडून जे शिकवलं नाही, ते गप्प बसून शिकवलं गेलं.

जानेवारीत इन्स्पेक्टरसाहेब आले. वर्ग पाहून थक्क झाले. मला विचारलं, "ही नवी पद्धत तुम्ही कुठं शिकलात?" मला तर बोलता येईना. मी हात जोडले. त्यांना वाटलं, काय हा विनय! शेऱ्यात लिहून गेले की शिक्षकानं कमी बोलण्याची पद्धत इथं उत्तम साधली आहे. त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं की पुण्यात तुम्हाला अगदी हेच शिकवतात. मी हसलो, तर आई धावत आली. हसण्याचा आवाजच येत नव्हता, नुसते खांदे हलत होते.

आता त्या चार पानांचं उत्तर. तोंडानं बोलता येत नाही, म्हणून कागदावर बोलतो.

घशात गाठ आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी पाहिली आणि मिरजेला जाऊन काढून घ्या म्हणाले. लवकर जा म्हणाले. मी ठरवलं, एप्रिलात तुझी परीक्षा झाली की जाऊ. तुला कळवायचं नाही, असंही ठरवलं. मी मध्येच गेलो तर शाळेत बदली कोण? आणि तुला कळलं तर तू गाठोडं बांधून निघून येणार. सुटलेला वर्ग पुन्हा मिळत नाही. आपल्या जिल्ह्यातून एका बाईला मिळालेली ही पहिली जागा. ती माझ्या घशापायी जावी, हे मला सोसणार नाही.

पण ज्यांना शिकवलं, त्यांनीच पकडलं. वर्गातल्या एकीचे वडील त्या डॉक्टरांकडे कंपाउंडर आहेत. काल वर्ग सुरू झाला आणि येळ्ळूरची मनू उभी राहिली. म्हणाली, "ठराव मांडते. मास्तरांनी सोमवारी मिरजेला जावं. तवर तास आमी चालवू. मोठ्या बाई मागं बसते म्हणाल्यात." अनुमोदनाला चारजणी एकदम उठल्या.

मी फळ्यावर लिहिलं, "विरोध." तर मास्तरांना मत आहे का, यावरच वाद. एक म्हणे, ते सभासद न्हाईत. दुसरी म्हणे, घसा त्यांचाच की गं! शेवटी मला मत मिळालं. हात वर करायला सांगितलं. माझ्या बाजूनं माझा एकच हात. विद्युल्लता खुर्चीवरून गंभीरपणे म्हणाली, "मास्तरांचं एक मत विरोधी. ठराव पास."

मला वाटलं, संपलं. तर मनूचा दुसरा ठराव. "वसुधाबाईस्नी खरं कळवावं." मी खडू उचलला आणि लिहिलं, "ती शिक्षण सोडून येईल." ती पोरगी माझ्याकडे बघत म्हणाली, "मग ते बाईस्नी ठरवू दे की, मास्तर. तुमी कशाला ठरवताय?"

खडू खाली ठेवला. तुझी शाळा, तुझं कॉलेज, तुझी नोकरी, तुला आलेली स्थळं परत पाठवणं, सगळं मीच ठरवत आलो. चांगलंच ठरवलं असं अजून वाटतं. पण तुला विचारलं होतं असं एकदाही आठवत नाही. तो ठरावही पास झाला. या वेळी मी विरोधी हात वर केला नाही.

म्हणून हे पत्र. सोमवारी सकाळच्या गाडीनं मी आणि तुझी आई मिरजेला निघतो. डॉक्टर म्हणतात, जिवाला बहुतेक धोका नाही. आवाजाचं मात्र सांगता येत नाही. कदाचित राहील, कदाचित अजिबात जाईल. माझी इच्छा विचारशील तर तू परीक्षा द्यावीस. ही फक्त इच्छा आहे. आलीस तरी मी रागावणार नाही. रागवायला लागतो तेवढा आवाजही उरलेला नाही.

एक चूक केली, तीही सांगून टाकतो. आहे तो आवाज जपा, एक शब्द मोठ्यानं बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. काल संध्याकाळी परसात कोणी नव्हतं. मनात आलं, पुढं जमेल न जमेल. भिंतीला हात टेकून उभा राहिलो आणि सगळा जोर लावून हाक मारली, "वसूऽऽ!" आली गं, पूर्वीसारखी आली.

तुझी आई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर धावली. "आली व्हय वसू? कुठं हाय?" मी हातानंच नाही म्हटलं. तिला ते पटेना. फाटकापर्यंत गेली आणि कडूसं पडून दिसेनासं होईपर्यंत बेळगावच्या वाटेकडं बघत उभी राहिली.

ये म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही. तू काय ठरवशील ते मला मान्य.

तुझा
आप्पा