समुद्र रंग विचारत नाही

घाटकोपर,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय हर्ष्या,

कसा आहेस? काकांचा गुडघा आता बरा असेल. माझ्या आईचा खोकला थांबलाय, बाकी इकडे सगळं जिथल्या तिथे. हा आठवडाभर मी अंधेरीला ऑफिसात आलो नाही, तुझा फोन उचलला नाही, म्हणून तू चिडला असशील. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस यार, म्हणून लिहितोय.

तू मेसेज टाकलास, 'लोक आपल्याला ढोंगी म्हणतायत. सर्फिंगचे कपडे विकणाऱ्यांना वर्णभेदाचं काय पडलंय, सगळा धंदा आहे म्हणे. धम्म्या, चार ओळी लिही. आपण हे मनापासून करतो असं लिही.' शर्टावरचं 'समुद्र रंग विचारत नाही' हे वाक्य माझं, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं. बरोबर आहे.

लिहायला बसलो. पहिली ओळ झकास आली. ऑफिसखालच्या हॉटेलात त्या नायजेरियन पोराला जागा नाही म्हणाले, तेव्हा तू मॅनेजरची कॉलर धरली होतीस. तेव्हा आपला एक शर्टही छापलेला नव्हता. आपल्या दोघांना धड पोहता येत नाही, सर्फिंग तर लांबच, पण तो राग खरा होता. तुला ढोंगी म्हणणाऱ्याशी मी आजही भांडेन.

दुसऱ्या ओळीला तुझं बोरिवलीचं घर आडवं आलं.

श्रुतिकाचं आणि माझं लग्न तू स्वतःहून मनावर घेतलंस. तिचा सख्खा भाऊ, माझा जिगरी दोस्त, मला वाटलं आता काळजी नाही. त्या रविवारी तुमच्याकडे यायचं म्हणून आईने आपला शर्ट उलटा करून इस्त्री केला, अक्षरं खराब होऊ नयेत म्हणून. तूही तोच घातला होतास. लिफ्टमध्ये म्हणालास, "आज धम्म्या नको, फक्त ध्रुव म्हणून भेट ना. आडनावाचं मी बघतो. आईला एकदा तू आवडलास की मग सांगू." मला काही सुचेपर्यंत दार उघडलं होतं.

आवडलो रे मी त्यांना. तिथेच तर वाट लागली. "खा रे झिला, लाजतंस कित्याक?" म्हणत काकी घावणे वाढत होत्या. त्यांनी गाव विचारलं तर उत्तर तू दिलंस, वडील काय करायचे विचारलं तर तू विषय बदललास. श्रुतिका बशीकडे बघत राहिली. इतकी माया मला कुणाच्या घरी मिळाली नव्हती, आणि ती सगळी त्या ध्रुवला मिळाली.

घरी आलो तर आई दारातच. "काय म्हणाले? नाव आवडलं का त्यांना?" माझं खरं नाव तिने माझ्या जन्माआधीच ठरवलं होतं. मी म्हटलं, घावणे छान होते. ती समजली. शर्ट तेवढा धुवायला मागितला.

तू म्हणशील, तुमच्या भल्यासाठीच केलं. माहीत आहे मला. म्हणूनच जास्त लागलं. अनोळखी माणसासाठी तू कॉलर धरतोस, आणि माझं नाव स्वतःच्या आईसमोर घ्यायला तुला भीती वाटते. आपला शर्ट खोटा नाही, हर्ष्या. तो तुझ्या उंबऱ्यापर्यंत खरा आहे.

श्रुतिकाचा फोन आला होता. "लग्न होईपर्यंत तसंच चालू दे ना, नंतर सगळे मानतील." मी नाही म्हणालो. ती खूप रडली. मीही रडलो, फोन ठेवल्यावर. ती तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय. तिच्यावर रागावू नको. माझं तिच्यावर प्रेम आहे, अजूनही आहे, पण दुसऱ्याच्या नावाने संसार करणं मला जमणार नाही.

त्या चार ओळी माझ्याकडून होणार नाहीत. शर्टावरचं वाक्य राहू दे, चांगलं आहे ते. मी परत यायचं की नाही, ते आता तुझ्या हातात आहे. एकच काम कर. पत्राच्या शेवटी आपण सगळेच घरच्यांसाठी एक निरोप लिहितो, तेवढा पोचव. काकींच्या समोर बसून, माझं खरं नाव घेऊन, मोठ्याने.

घरी सगळ्यांना माझा जय भीम सांग.

तुझा,
धम्मपाल