उतरलेली पट्टी

४ मार्च

दात हलतोय! वरचा, समोरचा. दंतवैद्य म्हणतो, काढावाच लागेल, आणि शेजारचाही फार दिवसांचा सोबती नाही. मी सॅक्सोफोन वाजवतो म्हटल्यावर त्याने नुसती मान हलवली. वरचे सूर काढायचे तर समोरचे दात वाद्याच्या तोंडावर रोवून धरावे लागतात. अल्बम होईपर्यंत थांबा, म्हटलं.

कुणाला बोलायचं नाही. वहिनींना तर नाहीच. आठ गाणी, त्या गाणार, मी वाजवणार, दोघांची नावं शेजारी शेजारी. या वयात रेकॉर्ड कंपनी पुन्हा दारात उभं करणार नाही.

९ मार्च

स्टुडिओचा पहिला दिवस. एसी गळतो, खाली बादली. गाणं सुरू झालं की बादलीत फडकं टाकायचं, म्हणजे टपटप ऐकू येत नाही.

आम्ही वेगवेगळं रेकॉर्ड करत नाही. दोघं एका खोलीत, एका दमात — एक चुकला की दोघांचं वाया. ही दादाची रीत. दादा जाऊन दोन वर्षं झाली, पण रीत मोडायची आमची छाती नाही. त्याचा दुसरा नियम: पट्टी गाणाऱ्याने ठरवायची, वाजवणाऱ्याने मुकाट वाजवायचं.

पहिलं गाणं काळी चारमध्ये. वहिनी सोलच्या आर्त अमेरिकन ढंगात गातात तेव्हा गाणं पोटातून येतं, आणि माझा जॅझ त्याच्या मागेपुढे खोड्या काढत फिरतो. आज खोड्या जमल्या नाहीत. वरचा सूर दोनदा फाटला. वाद्याच्या तोंडातली वेताची रीड नवी आहे म्हणून वेळ मारून नेली. वहिनींनी गाण्यांचे कागद आवरले.

११ मार्च

वहिनींनी आल्या आल्या पट्टी उतरवली. काळी दोन! आवाज वर जात नाही म्हणाल्या. माझ्या पथ्यावरच पडलं, खोटं कशाला लिहू. पण वाईटही वाटलं. परवापर्यंत जात होता की.

१२ मार्च

मधल्या सुट्टीत वहिनी इतकी वर्षं भाजलेले दाणे आणायच्या. आता केळी आणतात. घशाला बरी, असं कुणीतरी डोक्यात भरवलं असणार. बुडत्याला काडीचा आधार.

१८ मार्च

आता सगळीच गाणी खाली. चौथ्या गाण्यातला तो चढ, जिथे दादा पियानो सोडून नुसता ऐकत बसायचा, तो गेलाच. गाणं तोंड पाडून बसलंय. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून माझ्याकडे बघतो. मी खांदे उडवतो.

माझं वाजवणं मात्र छान चाललंय. रेकॉर्डिस्टही म्हणाला.

२२ मार्च

कंपनीचे साहेब आले. सहा गाणी ऐकली. मग मला जिन्यात गाठून विचारलं, बाईंचं काय झालंय? मी गप्प बसू शकलो असतो. आज प्रकृती बरी नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"वय झालं. आवाज गेलाय त्यांचा," मी म्हणालो.

साहेबांनी मान डोलावली. ते आधीच ठरवून आले होते, असं मी दिवसभर स्वतःला समजावतोय. जीभच ती, हाड थोडंच असतं तिला.

२५ मार्च

ठरलं. आठही गाणी एक तरुण गायिका नव्याने गाणार. अल्बमवर नाव माझं, मोठं. तिचं खाली, बारीक. वहिनींचं कुठेच नाही.

मी नाही म्हणालो नाही.

वहिनींना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "पट्टी कोणती घेणार ती?"

आवाज गेलेल्या माणसाला पट्टीची चौकशी! मी म्हटलं, काळी चार. त्या जायला उठल्या. "सांभाळून वाजवा, भाऊजी," एवढंच म्हणाल्या. गाण्यांचे कागद विसरूनच गेल्या.

२ एप्रिल

नाक कापलं गेलं. पोरीचा आवाज काळी चारमध्ये सरळ वर चढला, आणि मी खालीच. पाच वेळा घेतलं. पाचही वेळा सूर फाटला, शेवटी तोंडात रक्ताची चव. रीडला शिव्या घातल्या. पोरगी भली, तिने माफी मागितली — जणू तिचंच चुकलं!

रेकॉर्डिस्ट म्हणाला, वहिनींच्या पट्टीत घेऊन बघू या का? पोरीने विचारलं, कशाला? तिचं बरोबर होतं. रेकॉर्डिंग पुढे ढकललं.

३ एप्रिल

कागद परत द्यायला दुपारी वहिनींकडे गेलो. बेल वाजवणार तोच आतून भांडी घासण्याचा आवाज, आणि त्यावर गाणं. चौथं गाणं. काळी चार. तो चढ त्या चढल्या — सहज, भांडी घासता घासता. गाणं संपेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

शेवटी बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं, ओले हात पदराला पुसले, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"दात काढलात, की अजून हलतोच आहे?"

दाताचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. या वहीशिवाय, आणि वही कुलपात असते.