व्हेनिसचा वाढवलेला मुक्काम

अहो,

पिठलं पातेल्यात आहे, गरम करून घ्या. भाकरी दुरडीत झाकून ठेवल्यात.

युरोपच्या सहलीचा कागद फ्रिजवर लावलाय. पॅरिसला चार दिवस आणि रोमला तीन, हे आपण दोघांनी बसून ठरवलं होतं. व्हेनिसला दोन दिवस लई झाले, असं तुम्हीच म्हणाला होता. मग परवा मला न विचारता दोनाचे सहा केलेत. मला वाटलं, माझ्यासाठीच केले असतील. मनातल्या मनात खूश पण झाले.

काल पुंजाभाऊचा फोन आला. त्याच्या घरामागची गावाची नवी पाण्याची टाकी बारा मेला पहिल्यांदा काठोकाठ भरणार आहेत. दाजींच्या सहीनं पास झालेली टाकी म्हणून नारळ तुमच्याच हातानं फोडायचा आहे. मी कॅलेंडर बघितलं. आधी आपण दहाला परत येत होतो, आता चौदाला येतो.

मार्चमध्ये ती टाकी तपासून, पास म्हणून सही करून आलात, त्या दिवशी तुम्ही जेवला नाय. भाऊच्या पोरांना सुट्टीत इकडं बोलावून घे, असं दोनदा म्हणालात. तेव्हा मला काहीच कळलं नाय.

मी वैजापूरच्या गाडीनं माहेरी चाललेय. भाऊला टाकीबद्दल अजून काही बोलले नाय, ते त्याला तुमच्या तोंडून कळू दे. माझी बाज मागच्या अंगणात, टाकीच्या सावलीत टाकायला सांगितलीय. बारा तारखेपर्यंत मी तिथंच आहे.

आता कुठं किती दिवस राहायचं, ते तुम्ही ठरवा.

सरू